माल निघालाय

आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत गेटवर एक वॉचमन मामा असतात. माझ्या जेवणाच्या डब्याचंही झाकण उघडून बघितल्याशिवाय ते मला आत सोडत नाहीत. परवा कळलं, त्यांच्याकडे बिटकॉइनवर कोरलेली, बेडकाच्या नावाची क्रिप्टो टोकन आहेत. ती त्यांना जुन्या फोनमधल्या वॉलेटमधून नव्या फोनमधल्या वॉलेटमध्ये न्यायची होती. त्यासाठी आधी किती टोकन पाठवायची याची चिठ्ठी बिटकॉइनवरच कोरायची आणि मग ती चिठ्ठीच पाठवायची.

"एवढा उपद्व्याप कशाला?" मी विचारलं.

"गेटपासबिगर माल भायेर जातो व्हय, साहेब?"

पत्ता चुकला तर टोकन कायमची गेली, म्हणून त्यांनी मला नव्या फोनवरचा पत्ता एकेक अक्षर वाचायला लावला. जुन्या फोनवर टाकलेल्या पत्त्यावर बोट ठेवून ते प्रत्येक अक्षराला "हाय" म्हणत होते. बासष्ट अक्षरं! मागे कंटेनरवाला हॉर्न वाजवत होता.

"थांब रं! हितं माल निघालाय!" मामा ओरडले.

जेवणाची सुट्टी संपता संपता सगळे बेडूक नव्या फोनमध्ये उतरले. मामांनी घाम पुसला.

"आता विकणार का?" मी विचारलं.

"आत्ताच आल्यात बिचारे," मामा हळू आवाजात म्हणाले. "जरा टेकू द्या की."