गोठ्यातलं इंजिन

त्या वर्षी मी खंडोबाचं नाव घेणं सोडलं होतं. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये माझा उजवा हात सापडला आणि अंगठा व करंगळी एवढीच बोटं उरली. जखम भरली, पण कामावर परत बोलावणं आलं नाही. सणसरच्या घरी दिवसभर ओट्यावर बसून राहायचो. बायको, शालन, घास भरवायला आली की ताट सरकवून द्यायचो.

गोठ्यात माझी मोटारसायकल सुटी पडली होती. अपघाताच्या आधी मीच ती हौसेनं उघडली होती. इंजिन बारामतीहून बोअर करून, नवा पिस्टन घालून आणलेलं, गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं. रोज नजरेला पडायचं. एके दिवशी मनानं घेतलं, हे इंजिन चासीत, गाडीच्या सांगाड्यात, बसवायचं आणि माझ्याच हातानं बसवायचं. जमलं तर मी अजून कशाच्या तरी कामाचा आहे. नाही जमलं तर... त्यापुढचा विचार मी विहिरीकडे बघत केला होता, एवढंच सांगतो.

भर दुपार होती. शेजारपाजारची सगळी ऊसतोडीला गेलेली. शालनला हाताशी घेतलं. दोघांनी इंजिन उचलून चासीपाशी आणलं, पण बोल्ट घालायला एक हात मोकळा करावा तर वजन पेलेना. माझ्या उजव्या पंजातून ते निसटलं. शालनचा हात मध्ये आला, बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. ती हात धुवायला आत गेली. मी तिथंच मातीत बसलो आणि खंडोबाला म्हणालो, "माझा घेतलास त्यो पुरला न्हाय व्हय? आता तिचाबी हात पायजे तुला?"

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. रस्त्यानं मेंढ्यांचा कळप भवानीनगरकडे चालला होता, त्याच्यासोबतच्या धनगरांतली.

"पानी मिळंल का रं?"

मी रांजणाकडे बोट दाखवलं. पाणी पिऊन तिनं इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. नजरेत कीव नव्हती. काठी भिंतीला टेकवून तिनं पदर खोचला.

"कुठं ठिवायचंय ह्ये?"

"ऱ्हाऊ द्या आजी, लई जड हाय."

"अडलेली मेंढी उचलती म्या. ह्ये तर लाथाबी मारीत न्हाय."

उकिडवं बसून तिनं इंजिन छातीशी कवटाळलं आणि उचललं. मी घाईनं खालून आधार द्यायला गेलो, तर ते डुगडुगायला लागलं. माझा अपुरा हातच त्याला एकीकडे ओढत होता.

"सोड," ती म्हणाली.

"पडंल, आजी."

"सोड रं लेकरा. म्या धरलंय न्हवं?"

मी सोडलं. किती महिने मी त्या तुटक्या पंजानं सगळं आवळून धरायची धडपड करत होतो. ती धडपड त्या क्षणी थांबली. मी डाव्या हातानं बोल्ट सारला, तो अडखळला नाही. शालन मनगटाला फडकं बांधून बाहेर आली आणि पलीकडून तिनं नट धरला. शेवटचा बोल्ट आवळून वर पाहिलं, तर म्हातारी निघून गेली होती. रस्त्यापर्यंत धावलो. धुरळा दिसला आणि मेंढ्यांच्या पाठी.

ती देव होती असं मी म्हणत नाही. तिच्या लुगड्याला मेंढरांचा वास होता, वजनानं तिला धाप लागली होती. मी देवाला वाटेल ते बोलत होतो तेव्हा ती आली, इतकंच मला ठाऊक आहे.

चेन, कार्बोरेटर, वायरी, पुढचं काम आम्ही दोघांनी रखडत केलं. किका मारून मारून एका सकाळी इंजिन धडधडलं. पण उजव्या हाताला अ‍ॅक्सिलरेटर पिळेना, आवाज विझत चालला. शालननं आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि मूठ पिळली. अंगण दणाणलं. मी तोंड फिरवून रडलो.

बोटं काही परत आली नाहीत. ती गाडी मला कधीच नीट चालवता आली नाही. काळे दिवस नंतरही आले, आजही येतात, आणि मल्हारीराया, तुझ्याशी भांडणंही चालूच आहे. पण ओझं पेलवेनासं झालं की आता मी हात काढून घेतो. ते खाली पडल्याचा आवाज अजून तरी कानावर आलेला नाही.