दुसरं मलकापूर

कोल्हापूरला निघालो तेव्हा शेजारच्या काकूंनी मला बजावलं, "आईंना समुद्रात उतरू देऊ नकोस." मी मान डोलावली. कोल्हापूर स्टेशनबाहेर पडल्यावर रिक्षावाल्याला मीच विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला आहे. तो मागे वळून बघत राहिला. "घाट उतरून रत्नागिरीला जावं लागंल, पावणं," तो म्हणाला. (अनोळखी माणसाला इथे पावणं, म्हणजे पाहुणे, म्हणतात.)

आम्ही दोघीच आलो होतो, मी आणि माझ्या सासूबाई. आई सत्तरी ओलांडलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापुरात जन्मलेल्या आणि तिथेच नांदलेल्या. माझी नणंद कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीला दिली आहे. तिच्याकडे चार दिवस राहिलो. अंबाबाईचं दर्शन झालं. तांबड्या रश्श्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, आईंनी पांढरा रस्सा चाखून "हे तं दूधच हाये" असा निकाल दिला. नणंदेच्या सासूने मला विचारलं, "तुमचं बुलढाणं नागपूरच्या अलीकडं का पलीकडं?" अलीकडं, असं सांगितल्यावर तिला बरं वाटलं. मला हसू आलं, पण समुद्राची आठवण होऊन गप्प बसले.

एक गोष्ट सांगायला हवी. आईंची थोरली बहीण, अक्का, शेवटी शेवटी स्वतःचं घर ओळखेनाशी झाली होती. तेव्हापासून साधा चष्मा सापडला नाही, तरी आई घाबरतात.

परतीची रेल्वे दुपारची होती. एसटी स्टँड स्टेशनच्या शेजारीच, म्हणून आईंना सामानासह स्टँडवरच्या बाकावर बसवलं आणि भडंग घ्यायला समोर गेले. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये, पॉवर बँकेवर चार्जिंगला लावलेला. परत आले तर बाकावर आई नव्हत्या. पिशव्याही नव्हत्या.

स्वच्छतागृह पाहिलं, दोन्ही फाटकं पाहिली. स्टेशनवर पुढे गेल्या असतील म्हणून धावत फलाटावर जाऊन आले. शेवटी चौकशीच्या खिडकीशी गेले.

"म्हातारी बाई, हिरवं नऊवारी, दोन पिशव्या."

"गाव कंचं?" आतल्या साहेबांनी विचारलं.

"मलकापूर."

"मग मलकापूरच्या गाडीत बसली असतील की. आत्ताच गेली."

"आमचं मलकापूर इथं नाही हो, बुलढाण्यात आहे."

"ते कशाला बुलढाण्यात असंल? मलकापूर आमच्या शाहूवाडीत हाय. रत्नागिरी रोडला."

मी त्यांच्याशी वाद घालत होते, एवढ्यात बाकाजवळची एक बाई पुढे आली. "मीच त्यास्नी बसवलं वो. कुठं जायाचं, तर म्हणल्या मलकापूर. गाडी लागलीच हुती, पिशव्या बी चढवून दिल्या."

साहेबांनी कंडक्टरला फोन लावला. तो लागेना. रांगेतला एक माणूस म्हणाला, "आम्ही तिकडंच चाललोय, चला." त्याचा छोटा टेम्पो होता, मागे पेंडीची पोती, पुढे त्याची बायको. ती सरकून बसली आणि मी चढले.

पंचगंगेचा पूल मागे पडला. दोन्हीकडे ऊस. पुढे कुठलीही लाल गाडी दिसली की मी पुढे झुकायची, पाटी वाचायची आणि मागे टेकायची. मध्येच एका फाट्यावर 'वाडी रत्नागिरी' असा फलक दिसला.

"रत्नागिरी आली? मलकापूर मागे राहिलं का?"

"न्हाय वो, ह्यो जोतिबाचा डोंगर," बायको म्हणाली. "ती रत्नागिरी येगळी." मग माझा हात धरून म्हणाली, "तुमच्याकडं वाघ लई असत्यात न्हवं? तितं राहून एवढं कशाला भ्यायचं." आमच्याकडे कापूस असतो, वाघ नाही; पण मी पुढच्या लाल गाडीची पाटी वाचत होते.

मलकापूरच्या स्टँडवर टेम्पो थांबायच्या आत मी उतरले. एका खांबाजवळ पाच-सहा माणसं उभी होती. त्यांच्या मधोमध पिशवीवर बसलेल्या आई. चेहरा पांढरा पडलेला.

"मावशी, ह्येच मलकापूर हाय की," एकजण समजावत होता. "बोर्ड बघा."

"बोर्ड वाचला म्या," आई हळू आवाजात म्हणाल्या. "मंग रेल्वे टेसन कोठी गेलं?"

"इथं रेल्वे न्हायच, मावशी. कवाच नव्हती."

मी त्यांच्यापुढे बसले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू मी खरी आहे का हे ठरवत होत्या. माझं मनगट घट्ट धरलं.

"सूनबाई, त्या बाईनं थेट मलकापूरची गाडी हाये म्हनलं, तू मागं बसली असशील म्हणून म्या निश्चिंत झोपली. उठली तं हे. समदे म्हनतेत मलकापूर, अन् मले एक बी घर ओळखू येत नाही." त्यांचा आवाज फुटला. "अक्कासारखं झालं का वं माझं?"

"नाही, आई. तुमचं डोकं शाबूत आहे. मलकापुरंच दोन आहेत. हे वेगळं."

"दोन?"

"दोन कुठलं, तीन," टेम्पोवाला मागून म्हणाला. "कराडजवळ एक हाय की."

आईंनी डोळे पुसले. त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "एवढी कायले पाह्यजेत?" त्या म्हणाल्या. भोवतालची माणसं हसली. कुणीतरी चहा आणला. पहिला घोट घेईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

रेल्वे अर्थातच चुकली. ती रात्र गडमुडशिंगीला काढून दुसऱ्या दिवशी निघालो. गाडीत मी मोबाइलवर नकाशा उघडून बसले. नणंदेचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिचा जिल्हा मी कधी असा पाहिलाच नव्हता. माझ्या डोक्यात आमचं एक गाव होतं, मुंबई-पुणे होतं आणि बाकी सगळा महाराष्ट्र म्हणजे कुठेतरी तिकडे. त्या स्टँडवरच्या लोकांचं तरी काय वेगळं होतं? प्रत्येकाचं आपापलं मलकापूर. त्या हसण्यासारख्या अज्ञानापायी एका बाईने थोडा वेळ का होईना, स्वतःला वेडी मानलं.

आमच्या मलकापूरला उतरलो. रिक्षात बसण्याआधी आई थबकल्या. "हे बुलढान्याचंच मलकापूर हाये ना रे?"

"अजून कोनतं असते, आजी?" रिक्षावाला म्हणाला.

आईंनी पदर सावरला आणि आत ऐसपैस बसल्या. "चाल तू. रस्त्यानं सांगतो तुले."