खांबाचे पाय

आमच्या वाडीवरून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या जाड तारा गेल्या होत्या. पावसाळ्यात त्या गुणगुणायच्या आणि खाली आम्ही रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात भाकरी भाजायचो. वाडीला चार खांब मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा सासू म्हणाली, "येतील तवा खरं."

आले. पण ट्रकवाल्याने ते ओढ्याच्या अलीकडे, गावाच्या बाजूला टाकले आणि पळाला. खड्डे पलीकडे, वाडीत. वायरमन म्हणाला, "उद्या सकाळी खांब खड्ड्यापाशी दिसले तर उभे करतो. नायतर गावातल्या पंपांना लावून टाकतो."

पुरुष मजुरीला गेलेले. उरलो आम्ही वीस-पंचवीस बाया. आजारी माणूस झोळीत घालून शेणवे गावाच्या डांबरी रस्त्यापर्यंत नेणाऱ्याही आम्हीच, त्यामुळे ओझं कसं उचलायचं ते कुणी शिकवायला नको होतं. खांबाखाली दोर, दोरात आडवे वासे, वाशांखाली खांदे. उचलला तोच सासू ओरडली, "थांबा! जाड बाजू म्हंजे पाय. पाय पुढं करून मढं नेतात. वाडीत पयलं डोकं जाऊदे!"

फिरवला.

ओढ्याच्या मधोमध मी घसरले आणि बदकन बसले. माझ्यामागे चौघी बसल्या. मग खांबही बसला. हसून हसून कुणालाच उठता येईना. काठावर गावातले बाप्ये विड्या फुंकत उभे होते.

"अगो, खांब नेता का आंघोळ करता?"

माझी जाऊ पाण्यातूनच म्हणाली, "जावई हाय आमचा! पाय धुतल्याबिगर घरात कसा घेऊ? या, तुमचंबी धुतो!"

कुणी आला नाही. पुन्हा हसलो, पुन्हा बसलो. दिवस मावळेपर्यंत चारही खांब पलीकडे होते. आमची लुगडी कमरेपर्यंत चिखलाने भरलेली.

सकाळी वायरमन आला आणि डोक्यालाच हात लावून बसला. प्रत्येक खांबाचं टोक खड्ड्याकडे आणि बुंधा लांब.

"आजीबाय, यांस्नी डोक्यावर उभं करू का?"

सासू कसली ऐकते! "वाडीत डोक्यानं आलं ना? आता उभं राहूदे पायावर. चला गो, फिरवा!"

चारही फिरवले. वायरमननेही खांदा दिला, आणि सगळ्यात आधी तोच घसरला.

तारा आणि मीटर यायला होळी उलटली. घरात पहिला बल्ब लागला तेव्हा सासूने भिंती बघितल्या, आढं बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"काय गो, घर किती काळं ठेवलंस!"

इतक्या वर्षांनी उजेड आला आणि पहिली बोलणी मलाच. मी म्हटलं, "तुमच्याच चिमणीची काजळी हाय, आत्याबाय. माझी अजून वर पोचली नाय."