खांद्यावर ठेवलेला हात

तुरुंगाच्या आवारात सात माणसं रांगेत उभी होती. पेन्शन वाढवून देतो म्हणून मला फसवणारा त्यांतला कोणता, ते मी ओळखायचं होतं.

"बाबा, त्याच्या खांद्यावर हात ठेवा," ओळखपरेड घ्यायला आलेले तहसीलदार म्हणाले. "चष्मा आणलाय ना?"

"माणूस ओळखायला चष्मा कशाला?" मी ताठ्यात बोललो खरा, पण भलत्यालाच धरलं तर, म्हणून रांगेपुढून दोनदा फिरलो. आजवर या हातानं माणसांना थोपटलं, कुणाला धरून दिलं नव्हतं.

चौथ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खाली मान घालून पुटपुटला, "चुकलो, काका."

तसा बाकीच्या सहाही जणांनी श्वास सोडला. काही केलेलं नसताना तेही बिचारे माझ्या हाताला भीत होते. मग मीही माझा सोडला.