सुरतेपर्यंतचं तिकीट

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी गावी जायचं ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिल्ली ते सुरत असं विमानाचं तिकीट काढलं. तोवर मी मुंबईला उतरायचे. तिथून पुढचं सगळं आई-बाबांकडे असायचं.

मी आयर्लंडमध्ये नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात. गाव नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याच्या जवळ. मी येणार म्हटलं की बाबा गावातली जीप ठरवायचे, आई भाकरी बांधून घ्यायची, आणि दोघं मुंबईच्या विमानतळावर येऊन उभे राहायचे. पुढे नावाच्या पाट्या घेतलेली माणसं, हार घेतलेली माणसं. हे दोघं सगळ्यांच्या मागे. मी बाहेर आले की आई बाबांच्या कोपराला धरून मला दाखवायची. मग बाबा गर्दीतून वाट काढत यायचे, काही न बोलता सामानाची गाडी माझ्या हातातून घ्यायचे आणि ढकलायला लागायचे. परतीची सगळी वाट जीपमध्ये आई बोलायची आणि मी आणि बाबा ऐकायचो.

आईच्या मातीला मी पोहोचले नव्हते. तिकीट मिळून घरी येईपर्यंत दफन उरकलं होतं. त्या खेपेला मी मुंबईहून एकटीच आले होते, पण ती वाट मला आठवतच नाही. म्हणून एकटीची पहिली खेप मी हीच धरते.

सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसले. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. बाबांना एवढ्या लांब मुंबईला यायला लावायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. सुरत आमच्यासाठी कधीच परगाव नव्हतं. गावातली निम्मी माणसं कामाला तिकडेच जातात. तेव्हा सुरतेपर्यंत विमानानं जावं आणि पुढे गाडी करावी.

माझ्याबरोबर काम करणारी केरळची एक बाई अशा गोष्टींत तयार. तिने बजावलं होतं, "एकच सलग तिकीट काढ. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय त्यांनी करायची. दोन वेगळी तिकिटं काढलीस तर तुझं तू." पण सलग तिकिटात दिल्लीला रात्रभर बसावं लागत होतं. वेगळं काढलं तर सकाळी उतरून सकाळीच पुढचं विमान मिळत होतं. मधला वेळ पुरेसा वाटत होता. बॅग दिल्लीलाच ताब्यात घ्यायची, कस्टममधून बाहेर न्यायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची, हेही तेव्हाच वाचलं. इतकी वर्षं ये-जा करून मला हे ठाऊक नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती.

कितीतरी वेळ दोन्ही पर्याय आलटून पालटून बघत बसले. घरात "कुठलं घेऊ गं?" म्हणून विचारावं असं कुणी नव्हतं. पूर्वीही कधी विचारलं नव्हतं, पण तेव्हा आई होती. शेवटी वेगळं तिकीट घेतलं. तिकीट आल्यावर दिवा लावला आणि घरी फोन केला.

आमच्या घरात आमची बोली चालते आणि तिच्यात बापालाही 'तू'च म्हणतात. इथे ती मराठीत लिहिते आहे.

"बाबा, या खेपेला मुंबईला यायचं नाही. मी सुरतेला उतरते."

"सुरतेला विमान येतं?"

"येतं."

"मग मी सुरतेला येतो. सुरत काय, इथंच तर आहे."

"नको. मी गाडी करून घरी येईन. तू घरीच थांब."

बाबा म्हणाले, "कधी उतरशील?"

"सकाळी. न्याहारीच्या वेळेला."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. फोन बाबा असाच ठेवतात, म्हणून मला काही वाटलं नाही.

निघायच्या दिवशी पहिलंच विमान उशिरा सुटलं. रात्रभर शेजारचा माणूस झोपला होता आणि मी समोरच्या पडद्यावरचं छोटं विमान बघत होते. ते हलत नसल्यासारखं हलत होतं. दिल्लीला उतरले तेव्हा पासपोर्टच्या रांगा लांबच लांब होत्या. मग बॅगेची वाट. पट्ट्यावर लाल, निळ्या, प्लास्टिक गुंडाळलेल्या बॅगा फिरत राहिल्या, माणसं आपापली उचलून गेली, आणि माझी आली तेव्हा पट्ट्यापाशी आम्ही मोजकीच माणसं उरलो होतो. तिथून दुसऱ्या टर्मिनलला जायचं होतं. मी धावले. पन्नाशीला आलेली बाई मोठी बॅग ओढत धावते तेव्हा लोक बाजूला होतात, पण वळून बघतातही.

सुरतेच्या विमानाचं काउंटर बंद झालं होतं. तिथल्या मुलीने पडद्यात बघून मान हलवली. "मॅडम, क्लोज हो गया. दोपहर की फ्लाइट में सीट है." मी दुपारचं तिकीट घेतलं. रागवावं असं तिथं कुणी नव्हतं. केरळच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरलं होतं, एवढंच.

खुर्चीत बसले आणि बाबांना कळवावं म्हणून फोन लावला. बराच वेळ वाजला. मग शेजारच्या काकीने उचलला.

"कोण? तू होय! अगं, भेटला नाही का तो?"

"कोण, काकी?"

"तुझा बाप! पहाटेच्या गाडीनं सुरतेला गेला ना. धुतलेला पांढरा सदरा घालून. मला म्हणाला, पोरीला सांगू नको, ती नको म्हणते."

"आणि फोन?"

"फोन हा काय, माझ्या हातात. गर्दीत पडेल म्हणून घरीच ठेवून गेला."

मग काकी म्हणाली, "तू कुठं आहेस पण?"

"दिल्लीत," मी म्हटलं. "माझं विमान गेलं."

त्यानंतरची ती सकाळ कशी गेली हे मला नीट सांगता येत नाही. मी बसले होते ती जागा माणसांनी भरलेली होती. कुणी पोरांना भरवत होतं, कुणी फोनवर भांडत होतं. माझं विमान माझ्याशिवाय सुरतेला उतरत असणार, लोक बाहेर पडत असणार, आणि बाबा मागे उभे राहून दाराकडे बघत असणार. सगळे बाहेर येतील आणि मग कुणीच येणार नाही. मग ते काय करतील? कुणाला विचारतील? सुरतेच्या विमानतळावर फोन करावा असं मनात आलं. पण काय सांगणार? पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा दारात असेल, त्याला सांगा की मुलगी दुपारी येतेय? काउंटरवरच्या मुलीला मी हे विचारूनही बघितलं. तिने ऐकून घेतलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसापर्यंत निरोप पोहोचवायला काही मार्ग नाही म्हणाली. वाईट तिलाही वाटलं असावं. तिने मला पाण्याची बाटली दिली.

परदेशात मी इतकी वर्षं एकटी राहिले, पण त्या सकाळइतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. तिकडे माझी वाट बघणारं कुणी नसायचंच. इथे एक माणूस बघत होता आणि मी त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते.

दुपारी सुरतेला उतरले. दारातून बाहेर पडताना आधी मागच्या बाजूला बघितलं. तिथं कुणी नव्हतं. एका खांबाशी पांढऱ्या सदऱ्याची पाठ दिसली. जवळ गेले तर भलताच माणूस. मी बॅग घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. टॅक्सीवाल्यांपैकी एक मध्यम वयाचा माणूस मघापासून माझ्याकडे बघत होता. त्याने हिंदीत विचारलं, कुठे जायचं? मी चिंचपाडा म्हटल्याबरोबर तो अहिराणीत बोलू लागला. सुरतेत खानदेशी माणूस असा कुठेही भेटतो.

"ताई, कोनी लेवाले उना नही का?"

"मला न्यायला माझे वडील आले होते. पांढरा सदरा, उंच, म्हातारे."

"व्हतात ना! दुपारलोंग आठेच उभा व्हतात. येणारी जाणारी बाईकडे वाकी वाकी देखेत. मंग चालना गयात."

म्हणजे बाबा दुपारपर्यंत थांबून निघून गेले होते. वाकून वाकून बघत होते, हेही मी ऐकलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. म्हाताऱ्या माणसाची उत्सुकता, एवढंच वाटलं.

त्याच्याच गाडीत बसले. त्याची बहीण नवापूरला दिली होती. वाटेत तो तिच्याबद्दल, तिच्या सासरच्यांबद्दल बोलत राहिला. मी हं हं करत होते. सोनगड मागे पडलं, उन्हं उतरायला लागली, रस्त्याच्या कडेचे साग पानं गळून उघडे झाले होते. काकीला पुन्हा फोन केला. बाबा अजून आले नव्हते. म्हणजे परतीच्या पॅसेंजरने येणार. मी ड्रायव्हरला म्हटलं, घरी नको, चिंचपाडा स्टेशनलाच चला.

त्याने बॅग फलाटाच्या तोंडाशी ठेवली. "थांबू का, ताई?" मी नको म्हटलं, तर म्हणाला, "बाबा भेटतीन, काळजी नका करा," आणि बहिणीकडे निघून गेला.

फलाटावर दिवे नुकतेच लागले होते. गाडी आली. मजुरीहून परतणाऱ्या काही बाया उतरल्या, एक माणूस पोत्यासकट उतरला. अगदी शेवटच्या डब्यातून बाबा उतरले. एका हातानं दांडी घट्ट धरलेली, आणि एक पाय खाली सोडून ते फलाट चाचपत होते. फलाट कुठे आहे हे पायाला कळल्यावर मग दुसरा पाय टाकला. असं उतरणारी माणसं मी रोज बघते. माझं कामच ते आहे.

ते माझ्याच दिशेनं चालत आले. मी दिव्याखाली उभी होते. माझ्यासमोरून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, ते पुढे निघून गेले.

"बाबा."

ते थांबले. वळले. माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "कोण? तू?"

"मी."

"घरी नाही गेलीस?"

मी त्यांचा हात धरला. तो थंड होता. आम्ही बाकावर बसलो. मग बाबा सांगू लागले.

"मी दारातच उभा होतो. सगळे बाहेर आले. मला वाटलं, तूही आलीस आणि माझ्यासमोरून गेलीस. मला दिसली नाहीस. म्हटलं, पोरीनं बापाकडे बघितलं असेल, आणि बापानं ओळखच दिली नाही. रागावून निघून गेली असेल."

"मी त्या विमानात नव्हतेच बाबा. माझं विमान दिल्लीलाच चुकलं."

"नव्हतीस?"

"नव्हते."

"नव्हतीसच?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं." दिवसभर त्या गाडीत, त्या गर्दीत, हा माणूस काय मनात घेऊन बसला होता, ते मला तेव्हा कळलं. मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नाही. मीही दिसू दिलं नाही.

"डोळ्यांचं कधीपासून?"

"झालं बरंच. तुझी आई होती तोवर चालून गेलं. मुंबईला तीच सांगायची, ती बघ आली, निळी ओढणी. मग मी निळ्याकडे चालायला लागायचो."

घरी गेलो तर काकीने चूल पेटवून ठेवली होती. तिने मला जवळ घेतलं, बाबांना मात्र खूप बोलली. बाबा निमूट जेवले.

पुढच्या आठवड्यात त्यांना नंदुरबारला डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं नंतर करू म्हणाले. माझी बरीचशी सुट्टी थेंब घालण्यात आणि बाबांना वाकू नको, ओझं उचलू नको म्हणण्यात गेली. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी भिंत बघितली, मग खिडकी, मग माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले.

"केस पांढरे झाले गं तुझे," म्हणाले. "आणि मला कुणी सांगितलंच नाही."

संध्याकाळी ते एकटेच आईच्या कबरीकडे जाऊन आले. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. तिथे किती वेळ होते, काय बघितलं, मी विचारलं नाही.

परत निघताना त्यांना सुरतेपर्यंत येऊ दिलं नाही, आणि या वेळी तेही ऐकून घरी थांबले. त्यांना जाऊ देऊ नकोस, अशी काकीला शपथ घालूनच मी निघाले होते. परतीचं तिकीट मी सलग काढलं होतं. दिल्लीला मधे बराच वेळ होता. बॅग सुरतेलाच सोपवली होती, हात मोकळे होते, आणि करायला काहीच नव्हतं. मी घरी फोन लावला. या खेपेला बाबांनीच उचलला.

"काय करतोस?"

"ओट्यावर बसलोय." मग म्हणाले, "समोरच्या डोंगरावर एक शेळी चढलीय. काळी आहे. कुणाची कोण जाणे. वाळत घातलेलं काकीचं लुगडं खाली पडलंय, तिला अजून दिसलेलं नाही. मोहाच्या झाडाखाली कुत्रं झोपलंय."

माझ्या विमानाची घोषणा व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. पुन्हा कधी येशील, असं त्यांनी विचारलं नाही. मी फोन कानाला धरून ठेवला, आणि ते ओट्यावरून जे जे दिसत होतं ते एकेक करून सांगत राहिले.