चेरीकडे न बघणारे काका

इंग्लंडमधल्या स्लाऊला आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर बसणारे बल्गेरियन काका रोज सकाळी माझा पास बघताना त्यांच्या डोंगरातल्या गावाबद्दल एकेक नवं वाक्य सांगतात. “आमच्या चर्चच्या तळघरात बंडखोर लपायचे.” दुसऱ्या दिवशी, “आमच्या धबधब्याच्या मागून चालत जाता येतं.” मी फारशी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

एक मार्चला त्यांनी माझ्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. तसाच त्यांच्याही हातात होता. वसंतातलं पहिलं फुललेलं झाड दिसलं की दोरा सोडून त्या झाडाला बांधायचा, अशी त्यांच्याकडची रीत. काकांना मात्र तो ईस्टरला गावी जाऊन घरच्या प्लमच्या झाडालाच बांधायचा होता. म्हणून कार पार्कमधली चेरी फुलल्यापासून ते मान खाली घालून मागच्या दाराने यायचे. सगळे त्यांना हसायचे. तेही हसायचे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी चेरीच्या बाजूच्या खिडकीचा ब्लाइंड वर ओढला.

“काका, बघू नका!” मी ओरडले.

सगळं कँटीन माझ्याकडे बघायला लागलं. काकांनी डोळे गच्च मिटले आणि माझा हात धरून हसत हसत बाहेर आले.

परतल्यावर त्यांनी फोटो दाखवला. पांढऱ्या फुलांनी भरलेलं झाड, फांदीला दोरा, मागे धबधबा. मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं.

“अगं, तुझा अजून हातातच? चेरी तर तू रोज बघतेस.”

“बघते,” मी म्हटलं. “पण हा तुमच्या झाडासाठी ठेवलाय.”