पुढाऱ्यांनी लिहून दिलेलं कुटुंब

बोर्लीच्या बाजारात माझ्या मामाचं गोटीच्या बाटलीतल्या सोड्याचं दुकान होतं. मामाने गोटी फोडली की त्या आवाजाने थेट दिवेआगरपर्यंत माडांवरचे नारळ पडायचे. खोटं वाटेल, पण मी वेचलेत.

मामासोबत त्याचा दोस्त राहायचा, तीसेक वर्षं. आम्ही भाचरं मामाला थोरला मामा म्हणायचो, दोस्ताला धाकटा. गावाने कधी काही विचारलं नाही. गावाला ठाऊकच होतं.

आमचे पुढारी तिथे हमखास सोडा प्यायला येत. पहिल्यांदा म्हणाले, "पुरुषाचं पुरुषाशी लग्न? आपल्या संस्कृतीत बसत न्हाय." कोर्टाने असे संबंध गुन्ह्यातून काढून टाकल्यावर म्हणाले, "ज्याची त्याची खाजगी बाब हाय." पुढे कोर्टाने लग्नाचा प्रश्न संसदेवर सोडला, तर हे म्हणतात, "लग्न न्हाय, पण हक्क द्यायला हरकत न्हाय."

थोरला मामा म्हणाला, "सायेब, भरती-ओहोटी कधी फिरणार ते निदान पंचांगात तरी सापडतं."

मग थोरल्या मामाचं पोटाचं ऑपरेशन निघालं. फॉर्मवर धाकट्याने नातं 'मित्र' लिहिलं. कारकून म्हणाला, "मित्राची सही चालत न्हाय. घरचं माणूस आणा." मी तेव्हा उरणहून वाटेत होतो. धाकटा मामा तडक पुढाऱ्यांकडे गेला. "हक्क म्हणालात ना? द्या लिहून."

पुढाऱ्यांनी पेन इतका वेळ हवेत धरलं की त्यावर कावळा बसून गेला. 'पती' लिहावं तर मतं जाणार, 'जोडीदार' लिहावं तर पक्ष झाडणार. अखेर त्यांनी सगळ्यात बिनधोक शब्द शोधला : 'हे गृहस्थ त्यांचे कुटुंब आहेत.'

मी पोचलो तेव्हा कारकून तेच वाचत होता. जुन्या वळणाचा माणूस. त्याच्या लेखी कुटुंब म्हणजे बायको. त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "मग आधी बोलायचं न्हाय का, वैनी? करा सही!"

स्ट्रेचरवर थोरला मामा असा हसला की नर्स चाकं धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांचा माणूस हजर. "शब्द चुकला. 'कुटुंबीय' करून देतो, पत्र द्या."

धाकटा मामा म्हणाला, "त्यांनी तोंडाने कितीदा बदललं, मी बोललो न्हाय. कागद मिळणार न्हाय."

थोरला मामा त्यानंतर वर्षभर होता. आता दुकानात मोबाइल विकतात. धाकट्याच्या घरी मात्र, लोक जिथे लग्नाचा फोटो लावतात तिथे, ते पत्र आहे. मी गेलो की तो आधी त्याची काच पुसतो, मग मला बस म्हणतो.